पहिली युरोपियन दुनळी घेताय? स्पॅनिश, जर्मन, जुनी इंग्लिश की फ्रेंच

ऑफिसातल्या एका मित्राला मागच्या महिन्यात शॉटगन सर्टिफिकेट, म्हणजे इथलं इंग्लंडातलं बंदुकीचं लायसन, मिळालं. पोलीस घरी येऊन लोखंडी कपाट भिंतीला नीट ठोकलंय का ते बघून गेले, डॉक्टरचा कागद झाला, आणि त्याच रात्री पठ्ठ्याने मला अकरा लिंका पाठवल्या, "दादा, यातली कुठली घेऊ?" अकराच्या अकरा शेजारी-शेजारी नळ्यांच्या, सगळ्या जुन्या, फोटोत सगळ्या देखण्या. फोनवर त्याला दीड तास जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतोय, कारण हा प्रश्न वर्षातून दोनदा तरी कोणी ना कोणी विचारतंच आणि मी दरवेळी उलटं हेच विचारतो, की बाबा, तू तिच्यात काडतूस कुठलं घालणारेस?

आधी जागा सांगतो. मी यॉर्कशायरमध्ये राहतो, हिवाळ्यात आठ-दहा जणांबरोबर शेताच्या बांधाबांधाने आणि ओढ्याच्या कडेने चालतो, कुत्री पुढे, फेझंट (लांब शेपटीचा रानपक्षी) उठला तर बार, नाही उठला तर नुसतं चालणं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषय संपला तो संपलाच, त्यामुळे हे सगळं इथल्यापुरतं. आमच्या आजोबांकडे लायसनवर डीबीबीएल, म्हणजे मागून भरायची दुनळी, होती, पण तिच्यातून बार निघालेला मी कधी ऐकला नाही, खंडेनवमीला खोळीतून बाहेर यायची, तेलाचं फडकं, हळदकुंकू, फूल, आणि परत खोळीत. आपल्या लोकांच्या डोक्यात दुनळी म्हणजे शेजारी-शेजारी नळ्या हे जे बसलंय ते तिथूनच. इथे मात्र एकावर एक नळ्यांच्या ओव्हर-अंडरची चलती, क्ले शूटिंगवाले, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर बार टाकणारे, सगळे तीच घेतात, आणि म्हणूनच चांगली जुनी साइड-बाय-साइड आज त्या मानाने स्वस्तात पडते.

आता काडतुसाचं. युरोपियन युनियनमध्ये 15 फेब्रुवारी 2023 पासून पाणथळ जागी आणि तिच्यापासून 100 मीटरच्या आत शिशाचे छर्रे चालत नाहीत, डेन्मार्कने तर 1996 लाच शिसं बंद करून टाकलं, इंग्लंडमध्ये बदकांवर शिसं वापरायला 1999 पासून बंदी आहे. म्हणजे शिशाचे दिवस भरत आलेत. उरलं स्टील आणि बिस्मथ. बिस्मथ शिशासारखंच मऊ, जुन्या नळ्यांना त्रास देत नाही पण खिशाला देतं. स्टील स्वस्त, पण कडक, टाइट चोकमधून (नळीच्या तोंडाशी आवळलेल्या भागातून) जाताना ते शिशासारखं दबून जात नाही, त्यामुळे चोक हाफ किंवा त्याहून मोकळा हवा आणि नळ्या तेवढ्या दमाच्या हव्यात. म्हणून बंदूक बघताना आधी नक्षी नाही, नळ्या उतरवून खालच्या सपाट भागावरचे तपासणीचे शिक्के बघायचे. लिलीच्या फुलाचा शिक्का असेल तर ती हाय परफॉर्मन्स स्टीलसाठी तपासलेली, विषय संपला. तो नसेल तर चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची, लांबी बघा. 70 मिमी चेंबर, नायट्रो प्रूफ (बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली), चोक मोकळे आणि नळ्या जाड असतील तर साधं स्टील चालून जातं, तरी गनस्मिथला एकदा विचाराच. 65 मिमी असेल तर बिस्मथ धरून चाला.

इथे एक गोम आहे आणि ती नवीन माणसाला हमखास फसवते. काडतुसावर जी लांबी छापलेली असते ती बार झाल्यावर, म्हणजे तोंड उघडल्यावरची. त्यामुळे 70 मिमीचं काडतूस 65 मिमीच्या चेंबरमध्ये मस्त बसतं, बंदूक खट्‌कन मिटते, कुठे काही अडत नाही. पण बार झाला की त्याचं घडी घातलेलं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट आवळते आणि आतलं प्रेशर चढतं. "बसतंय की" हा पुरावा नाही. दुकानात पितळेचा चेंबर गेज असतोच, तो घालून दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही.

जुनी इंग्लिश सगळ्यांना हवी असते म्हणून तिच्यापासून सुरू करतो. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड ही नावं आपल्याकडे संस्थानिकांमुळे माहिती, पण नवीन पर्डीच्या पैशात पुण्यात फ्लॅट येतो, तो विषय सोडा. आपल्यासाठी इंग्लिश म्हणजे बर्मिंगहॅमची बॉक्सलॉक. वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यात अँसन आणि डीली या दोघांनी 1875 साली ही ॲक्शन (नळ्यांच्या मागचा यंत्रणेचा भाग) काढली, सगळी यंत्रणा ॲक्शनच्या पोटात, भाग थोडे, बिघाड कमी, आणि पुढे सगळ्या युरोपने तीच उचलली. साइडलॉकमध्ये यंत्रणा दोन बाजूंच्या पट्ट्यांवर बसवलेली असते, दिसायला राजेशाही, चांगल्या साइडलॉकमध्ये धक्क्याने बार सुटू नये म्हणून जादा खीळही असते, पण दुरुस्तीचं बिल आलं की ती राजेशाही कळते. बर्मिंगहॅमची बॉक्सलॉक हातात घेतली की काही बोलायला उरत नाही, तीन किलोच्या आतबाहेर वजन, सरळ दस्ता, दोन चाप, खांद्याला आपोआप लागते. पण बहुतेक 65 मिमी, नळ्यांवर 3 टनांचा (चौरस इंचावरच्या प्रेशरचा) शिक्का, आणि शंभर वर्षांत कोणीकोणी आतून घासून पातळ केलेल्या. नळी सगळ्यात पातळ जागी अर्धा मिलिमीटर तरी भरली पाहिजे, त्याच्याखाली मी हात लावत नाही.

माझी पहिली बंदूक हीच, नाव सांगत नाही, एका लिलावात फोटो बघून घेतलेली. नक्षी सुंदर, दस्त्याचं अक्रोड असं की बघत बसावं. पहिले दोन शनिवार माझे सगळे बार पक्ष्याच्या डावीकडून, कुत्रासुद्धा मान वळवून बघायला लागला. मग गनस्मिथने ती माझ्या खांद्याला लावून बघितली आणि हसला, दस्ता डावखुऱ्या माणसासाठी वाकवलेला होता. उजव्या माणसाचा दस्ता किंचित उजवीकडे वाकलेला असतो, म्हणजे डोळा बरोबर दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर येतो, माझा डोळा पट्टीच्या डावीकडे जात होता. गरम तेल ओतून दस्ता वाकवून घेता येतो, पैसे पडतात आणि मोडायची भीती असते. चूक माझीच, हातात न घेता घेतली.

स्पॅनिश हा मधला मार्ग आणि माझं मत विचाराल तर दहापैकी सात जणांसाठी हाच मार्ग. बास्क प्रांतातलं एइबार गाव म्हणजे तिथलं बर्मिंगहॅम. कंपन्या म्हणजे आया (AYA), उगार्तेचेआ, गार्बी, ग्रुया, आणि शेजारच्या एल्गोइबारची अर्रिएता. त्यांनी इंग्लिश नकाशे समोर ठेवून बंदुका केल्या, आयाची नंबर 4 म्हणजे अँसन-डीली बॉक्सलॉक, नंबर 2 म्हणजे हॉलंडच्या धाटणीची साइडलॉक. इंग्लंडमध्ये ढिगाने आल्या, त्यामुळे इथला कुठलाही गनस्मिथ डोळे मिटून उघडतो, ही गोष्ट जाहिरातीत कोणी लिहीत नाही पण दुसऱ्या वर्षी तीच उपयोगी पडते. बऱ्याचशा 70 मिमी चेंबरच्या. अगदी स्वस्तातल्या जुन्या स्पॅनिश बंदुकांत आतलं लोखंड मऊ निघायचं अशी ओरड होती, त्यामुळे नाव-गाव नसलेली "स्पॅनिश" म्हणून विकतात ती टाळा. बाकी लाकूड साधं असतं, नक्षी मशिनवरची वाटते, वाटू दे, पावसात नेताना जीव तुटत नाही. माझ्याकडे आता नंबर 4 आहे, सहावा हिवाळा.

जर्मन मेर्केल कंपनीचं प्रकरण वेगळं. थुरिंजियातलं झूल हे गाव, ईस्ट जर्मनीच्या काळात कारखाना सरकारी होता तेव्हाही तिथली कारागिरी टिकली, आणि त्यांच्या 47ई, 147ई या बॉक्सलॉक दुनळ्या शिकाऱ्याची बंदूक म्हणून बनवलेल्या, मिरवायला नाही. बंदूक उघडा आणि वरून बघा, नळ्यांच्या मधली पट्टी मागे जिभेसारखी बाहेर आलेली दिसेल, तिला गोल भोक. बंदूक मिटली की ती जीभ ॲक्शनमध्ये शिरते आणि आडवी खीळ त्या भोकातून आरपार जाते. हा ग्रीनर क्रॉसबोल्ट, ग्रीनर या जुन्या इंग्लिश बंदूककाराच्या नावाचा. खालचे लॉक झिजले तरी हा धरून ठेवतो, आणि मिटताना जो आवाज येतो तो जुन्या अँबॅसडरच्या दारासारखा. नवीन मेर्केल स्टीलसाठी तपासलेल्याही मिळतात. वजन मात्र इंग्लिशपेक्षा जरा पुढे झुकलेलं, पिस्टल ग्रिप, पट्टा अडकवायला कड्या, गालाला टेकू असा जर्मन थाट, काहींना आवडतो काहींना नाही. एक सावधगिरी, जर्मनीत 16 बोअर लोकप्रिय (बोअर म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तितकी नळी अरुंद), आणि जुन्या 16 बोअर बऱ्याच वेळा 65 मिमी चेंबरच्या असतात. "जर्मन आहे म्हणजे दणकट" म्हणून कुठलंही काडतूस कोंबू नका. शिवाय 16 बोअरचं काडतूस गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही.

फ्रेंच डार्न बघितली की मात्र माझं सगळं शहाणपण गळून पडतं. सेंट-एटियेनची ही बंदूक मोडत नाही, म्हणजे मध्ये दुमडून उघडत नाही. नळ्या जागेवरच पक्क्या, वरचा खटका उचलून मागे ओढला की अख्खी मागची बाजू आगपेटीच्या ड्रॉवरसारखी सरकते. ना बिजागरी, ना ती ढिली व्हायची भानगड, आणि हातात पिसासारखी हलकी, दिवसभर चालणाऱ्यासाठी देणगीच. पण इथे ती उघडून बसवणारा माणूस शोधत फिरावं लागतं, आणि सवय इतकी वेगळी की इतर कुठल्या बंदुकीबरोबर आलटूनपालटून वापरली तर ऐनवेळी हात चुकतो. दुसरी बंदूक म्हणून घ्या, पहिली नको. त्याच गावची मान्युफ्रान्सची रोब्युस्ट मात्र शेतकऱ्याची बंदूक, काहींमध्ये दस्त्याच्या आतून पट्टा ओढून काढायचा आणि सोडला की परत आत, इतकी साधी अक्कल नंतर कोणी का वापरली नाही कळत नाही.

इटालियन थोडक्यात. नवीन, वॉरंटीवाली, स्टीलची चिंता नसलेली हवी आणि पैसे आहेत, तर बेरेटाची 486 पारालेलो बघा. जुन्या बेर्नार्देल्लीही छान असतात, फक्त बाजूच्या नक्षीदार पट्ट्या बघून साइडलॉक समजू नका, आत बहुतेक वेळा बॉक्सलॉकच असते. रशियन बैकल दगडासारखी टिकते आणि वजनालाही दगडच, बांधावरून पाच मैल चालून बघा मग बोला.

वजनावरून आठवलं, ग्रीनरचा जुना हिशोब अजून खरा आहे, छर्‍यांच्या वजनाच्या 96 पट बंदूक. 28 ग्रॅमचं काडतूस असेल तर साधारण 2.7 किलो, 32 ग्रॅमचं असेल तर तीन किलोच्या वर. हलकी बंदूक आणि भारी काडतूस हे लग्न टिकत नाही, दुपारपर्यंत खांदा निळा पडतो. त्यासाठी बरेच जण 20 बोअरकडे वळतात, वळा, पण मग घरात 12 ची काडतुसं चुकूनही खिशात मिसळू देऊ नका. 20 चं काडतूस 12 च्या नळीत घसरत आत जाऊन अडकतं, वरून 12 चं बसतं, आणि मग नळी फुटते. 20 ची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी.

चाप दोन घ्या. पुढचा चाप उजव्या, मोकळ्या नळीचा, मागचा डाव्या, टाइट नळीचा, पक्षी जवळून उठला की लांबून गेला हे बोटच ठरवतं. सिंगल चापाचं यंत्र जुन्या बंदुकीत बिघडलं की डोकेदुखी. इजेक्टर (रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकणारे) असले तर बरं, नसले तरी रिकामी काडतुसं हाताने काढायला चालणाऱ्याला भरपूर वेळ असतो आणि ती चिखलात शोधावी लागत नाहीत.

मित्राच्या अकरा लिंकांतल्या सात चेंबर आणि शिक्क्यांवरच गळल्या. एक डार्न होती, ती त्याला दाखवून मीच घेईन असं सांगितलंय. उरल्या दोन आया आणि एक मेर्केल. शनिवारी सकाळी दोघं जाणार आहोत. पुढचं लाकूड काढायचं, नळ्या ॲक्शनला लावून मिटायच्या, दस्ता धरून हलवायचं, किंचितही खुडखुड वाटली किंवा उजेडात धरल्यावर नळी आणि ॲक्शनच्या मध्ये फट दिसली तर ठेवून द्यायची. मग नळ्या वेगळ्या करून एका बोटावर टांगायच्या आणि नखाने टिचकी मारायची, काशाच्या वाटीसारखा आवाज लांबत गेला पाहिजे, थडथड झाली तर मधली पट्टी कुठेतरी सुटलीय. आणि शेवटी डोळे मिटून खांद्याला लावायची, डोळे उघडायचे, पट्टी सरळ समोर दिसली पाहिजे. त्याला सांगितलंय, जाड जॅकेट घालून ये, जानेवारीत तेच अंगावर असणार आहे.