तीन मॉनिटरचा सिम (सिम्युलेटर गेम): रंग डोळ्यानं जुळवायचे की कॅलिब्रेटरनं (पडद्याचा रंग मोजायच्या उपकरणानं)?

सिमसाठी शेजारी शेजारी लावलेले तिन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे असले तरी आकाश तीन तऱ्हेचं दिसतं, मधलं निळं, डावीकडचं पिवळट, आणि क्षितिजावरच्या धुरकट पट्ट्यात तर जोड लगेच डोळ्यात भरतो.

डोळ्यानं जुळवणं फुकटात होतं. मॉनिटर अर्धा तास तापू द्यायचे, तिन्हीवर सपाट राखाडी रंग लावायचा, मग मॉनिटरच्याच मेन्यूत जाऊन आर-जी-बी गेन (लाल, हिरव्या, निळ्या रंगाचा जोर) थोडा थोडा कमी करायचा, आणि ब्राइटनेस जो सगळ्यात मंद आहे त्याच्यावर आणायचा कारण मंद मॉनिटर काही उजळ होणार नाहीये. पण डोळा पटकन सरावतो, थोड्या वेळानं सगळंच बरोबर वाटायला लागतं!

स्पायडरसारखा कॅलिब्रेटर डोळ्यासारखा सरावत नाही, पांढरा रंग किती पिवळट की निळसर ते केल्विनच्या आकड्यात सांगतो, आणि नेहमीचं लक्ष्य असतं ६५०० केल्विन. गोची अशी की त्यानं बनवलेलं प्रोफाइल (विंडोजसाठीची रंगदुरुस्तीची फाइल) बरेच गेम फुलस्क्रीनला धाब्यावर बसवतात, आणि एनव्हिडिया सराउंडमध्ये (ग्राफिक्स कार्डची तीन मॉनिटर जोडायची सोय) तर विंडोजला तिन्ही मिळून एकच डिस्प्ले दिसतो मग प्रत्येकाला वेगळं प्रोफाइल देणार कसं? म्हणून मी तर म्हणेन मित्राकडून कॅलिब्रेटर उसना घ्या, आकडे त्याच्यावर बघा, पण सेटिंग मॉनिटरच्या मेन्यूतच करा. व्हीए आणि आयपीएस अशा दोन वेगळ्या प्रकारचे पॅनल एकत्र असतील तर मात्र तिरप्या कोनातून दिसणारा फरक कुठल्याच सेटिंगनं जात नाही, तो कमी करायला बाजूचे मॉनिटर तोंडाकडे वळवून घ्या.