हेडफोन ॲम्प्लिफायरच्या डब्यात झालेली फसवणूक: अर्थिंगची तार रंगावर बसवली होती

हेडफोन ॲम्प्लिफायर घरी बांधणाऱ्यांसाठी हे लिहितोय, विशेषतः जे सर्किट स्वतः जोडतात पण डबा आणि सॉकेटं बाहेरून करून घेतात त्यांच्यासाठी. माझे यात साडेनऊ हजार गेले. त्याचं वाईट वाटतंच, पण लिहायला बसलो ते पैशांसाठी नाही. मला विकलेला डबा कोणी तसाच जोडून वापरला असता तर एखाद्या दिवशी त्याच्या हाताला २३० व्होल्ट लागले असते. आणि तो माणूस तेच डबे अजूनही विकतोय.

सर्किट होतं वेन कोलबर्न यांनी आखलेलं व्हॅमी. हौशी मंडळींत ते बरंच प्रसिद्ध आहे. आउटपुटला मॉसफेट (ताकदीचे ट्रान्झिस्टर), त्यांचे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे तुकडे) चांगलेच तापतात, आणि ट्रान्सफॉर्मर बोर्डावरच बसतो. म्हणजे घरातली वीज थेट डब्याच्या आत येते. बॅटरीवर चालणारा सीमॉय हा छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर पेपरमिंटच्या गोळ्यांच्या डबीतही मावतो, लोकांनी वर्षानुवर्षं तसे बनवलेत. व्हॅमीचं तसं नाही. त्याला हवा खेळेल असा, धातूचा, नीट अर्थ केलेला (म्हणजे अर्थिंगच्या तारेला जोडलेला) डबाच लागतो.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत सुटे भाग मिळतात, मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे. पण जाड ॲल्युमिनियमचा, मापात कापलेला डबा तयार मिळत नाही. एका व्हॉट्सअ‍ॅप गटात या विक्रेत्याचं नाव पुढे आलं. त्याने पाठवलेले फोटो देखणे होते. मी रेखाचित्र दिलं: समोरची पट्टी २३० बाय ८० मिलिमीटर, जाडी १० मिलिमीटर, ६०६१ ॲल्युमिनियम, वर काळं ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर विजेने चढवलेला कठीण थर). सोबत न्यूट्रिकचा लॉक होणारा ६.३५ मिलिमीटरचा जॅक, आवाजाचा सिग्नल आत घेणारी आरसीए सॉकेटं, फ्यूजवालं पॉवर सॉकेट आणि आल्प्सचा निळा आरके२७ व्हॉल्यूम कंट्रोल, सगळं बसवून. "सर, माल ओरिजिनल, डोळे झाकून घ्या," असं तो म्हणाला. अर्धे पैसे आधी, अर्धे माल निघायच्या आधी. यूपीआयवर दुकानाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं, तेव्हा उत्तर तयार होतं: खातं भावाचं आहे, कामगारांचे पगार त्यातूनच होतात.

खोकं उचललं तेव्हाच ते हलकं लागलं. २३० बाय ८० बाय १० मिलिमीटरची भरीव ॲल्युमिनियमची पट्टी एकटीच साधारण अर्धा किलो भरते, कारण ॲल्युमिनियमची घनता २.७ आहे. हा हिशोब माल यायच्या आधीच मांडून ठेवावा, काटा खोटं बोलत नाही. पट्टी कडेने पाहिली तर बरोबर १० मिलिमीटर दिसत होती. बोटाने टकटक केलं तर आवाज पोकळ. मागून स्क्रू काढल्यावर उलगडा झाला: पातळ पत्रा चारही कडांना आत दुमडला होता, म्हणजे समोरून जाडी दिसावी. त्यावर फ्रिजवरचं चुंबक ठेवलं, ते चिकटलं. साधा लोखंडी पत्रा आणि काळं पावडर कोटिंग. लोखंडावर असं ॲनोडायझिंग होतच नाही, त्यामुळे 'ॲनोडाइज्ड' म्हणून विकलेल्या डब्याला चुंबक चिकटलं की पुढे काही तपासायची गरज उरत नाही.

लोखंड मुळातच वाईट, असं मात्र माझं म्हणणं नाही. ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवायला लोखंडी पत्रा ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी सरस. कोणी मला लोखंड म्हणून, लोखंडाच्या भावात दिला असता तर मी आनंदाने घेतला असता.

मग सॉकेटं. जॅकवर न्यूट्रिकचं नाव होतं, पण अक्षरांच्या कडा फुगलेल्या, जणू ओल्या रंगात उठवल्यासारख्या. प्लग आत गेला की लॉक व्हायला हवा आणि पत्ती दाबल्यावरच सुटायला हवा. इथे जरा ओढल्यावर तो सरळ बाहेर येत होता. खरा निकाल सोल्डरिंगच्या वेळी लागला. टॅगला, म्हणजे तार जोडायच्या धातूच्या पट्टीला, सोल्डरिंग आयर्न लावलं आणि तार धरायच्या आतच टॅग प्लॅस्टिकमध्ये रुतून वाकडा झाला. चांगल्या सॉकेटचं प्लॅस्टिक एवढी उष्णता सहज सोसतं. टॅग असा सरकला की आतली स्प्रिंगही जागेवरून हलते, आणि मग एक कान मधूनच बंद पडतो. माणूस आठवडाभर सर्किटमध्ये दोष शोधत बसतो.

व्हॉल्यूम कंट्रोलही बनावट निघाला. ऑडिओसाठीचा आरके२७ लॉग प्रकारचा असतो, म्हणजे फिरवताना त्याचा रोध आधी हळू आणि मग झपाट्याने वाढतो. ५० हजार ओहमचा असेल तर मधोमध फिरवल्यावर खालच्या टोकापासून मधल्या पिनेपर्यंत साधारण साडेसात हजारांच्या आसपास भरावा, आणि डाव्या आणि उजव्या कानाच्या बाजूंचे आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. माझ्याकडच्या तुकड्यात एका बाजूला सहा हजार, दुसऱ्या बाजूला साडेनऊ हजार. म्हणजे दोन कानांत जवळपास ४ डेसिबलचा फरक. गायक मधोमध ऐकू येण्याऐवजी एका खांद्यावर बसतो. आरसीए सॉकेटांना खांदा असलेले प्लॅस्टिकचे वॉशर दिलेच नव्हते, त्यामुळे सिग्नलचा ग्राउंड थेट डब्याला टेकत होता. त्याने नुसती गुणगुण येते, जीवाला धोका नाही.

धोका पॉवर सॉकेटमध्ये होता, आणि हा परिच्छेद तरी कृपया सगळ्यांनी वाचा.

सॉकेटच्या अर्थच्या पिनेपासून हिरवी-पिवळी तार निघत होती, टोकाला गोल लग (धातूची कडी) व्यवस्थित दाबलेला, आणि तो स्क्रूने मागच्या पत्र्यावर आवळलेला. फोटोत बघितलं तर काम अगदी स्वच्छ. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक टोक अर्थच्या पिनेला आणि दुसरं डब्याच्या खरवडलेल्या कडेला लावलं, तर आवाजच नाही. लगच्या खाली पावडर कोटिंग तसंच ठेवलेलं, आणि स्क्रू प्लॅस्टिकच्या पट्टीत फिरवलेला. तार अर्थची, पण डब्याशी तिचा संबंधच नाही. ॲल्युमिनियमचा डबा असता तरी हेच झालं असतं, कारण ॲनोडायझिंगचा थरही वीज वाहू देत नाही; शिवाय तयार डब्यांत प्रत्येक बाजू सुटी असते आणि त्या एकमेकींना विजेच्या दृष्टीने जोडलेल्या असतीलच असं नाही. आता समजा फेजची तार हलली आणि पत्र्याला टेकली. अर्थ असेल तर जोराचा प्रवाह जातो, फ्यूज उडतो, गोष्ट तिथेच संपते. अर्थ नसेल तर काहीच उडत नाही. डबा २३० व्होल्टवर उभा राहतो, आणि आपण धातूचं बटण फिरवायला हात पुढे करतो, डोक्यावर हेडफोन लावून.

म्हणून वीज लावण्याआधी हे कराच. लगच्या जागी रंग कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू उघडा करा. तिथे दातेरी वॉशर टाका, वर लग, मग नट, आणि हा बोल्ट फक्त अर्थसाठीच ठेवा, दुसरं काही त्यावर आवळू नका. मग मल्टिमीटरने अर्थच्या पिनेपासून समोरची पट्टी, झाकण, तळ, दोन्ही बाजू, जॅकची धातूची कड, एकेक करून मोजा. आकडा ओहमच्या अगदी छोट्या अंशात यायला हवा. पॉवर सॉकेटच्या पिना चुंबकाला चिकटत असतील तर ते सॉकेट फेकून द्या. त्या पितळी असायला हव्यात. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर उत्तमच, पण त्याच्या भरवशावर डबा बिनअर्थिंगचा ठेवू नये.

मी विक्रेत्याला मोजमापांचा व्हिडिओ पाठवला. आधी तो म्हणाला, कुरिअरमध्ये स्क्रू सैल झाला असेल. मग म्हणाला, सगळे असेच वापरतात. मग नंबर ब्लॉक. त्याने दिलेल्या बिलावर १५ अक्षरी जीएसटी क्रमांक होता, सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्रच. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला तर नोंद कापडाच्या व्यापाऱ्याची निघाली. हे शोधायला कोणतंही खातं लागत नाही, ऑर्डर देण्याआधी दोन मिनिटांत होतं. त्याचे सुंदर फोटोही चोरलेले होते. मागच्या पट्टीचा फोटो मोठा करून बघितला तर पॉवर सॉकेटशेजारी '११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ' असं कोरलेलं स्पष्ट दिसतं. भारतासाठी बनवलेल्या डब्यावर ते कोण कोरेल?

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यानंतर ग्राहक आयोगात दावा दाखल केला, तो ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, विक्रेता कुठेही बसलेला असो, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लावायचं बंधन नाही. मुदत दोन वर्षांची आहे. बिल, यूपीआयच्या पावत्या, सगळे संदेश आणि मल्टिमीटरच्या वाचनाचे व्हिडिओ मी जोडले आहेत. सुनावणी व्हायची आहे.

ज्यांनी गेल्या वर्षभरात काळा, दुमडलेल्या कडांचा असा डबा घेतला असेल, त्यांनी ॲम्प्लिफायर आधी भिंतीच्या सॉकेटमधून काढावा, मग झाकण उघडून अर्थचा लग बघावा. चुंबक चिकटलं आणि बीप वाजला नाही, तर आपापली तक्रार वेगळी नोंदवा आणि त्यात पैसे कोणत्या खात्यावर गेले ते जरूर लिहा.