लोड, पट्टा, वीट आणि पाठ काढलेली खुर्ची : रोज पोळ्या लाटणाऱ्या बाईचा अभिप्राय

घरी रोज योगासनं करायची असतील तर महागड्या मॅटवर पैसे घालू नका. तेवढ्यात आसनांना आधार देणारा पट्टा येतो, वीट येते आणि वर थोडे पैसे उरतात. उभ्याच्या आसनांना कोरडी, स्वच्छ फरशी आणि अनवाणी पाय पुरतात. आडवं व्हायला घरातली सतरंजी आहेच.

माझं डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटेपासून ओट्याशी उभं राहून लाटायचं काम. उजवा खांदा पुढे येतो, मान खाली झुकते, दुपारी पाय सुजतात आणि रात्री बोटांना मुंग्या येतात. या धंद्यातल्या कुठल्याही बाईला विचारा, हेच सांगेल. आमच्या भागातल्या योगवर्गात अय्यंगार पद्धतीने, म्हणजे साधनांचा आधार घेऊन आसनं शिकवतात. तिथे ही साधनं हाताळली आणि मग जमेल तशी एकेक घरी आणली.

पट्टा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी घ्यावा असा. सुती, रुंद आणि कडी धातूची हवी. प्लॅस्टिकची कडी ताण आला की सरकते. गोमुखासनात एक हात वरून, दुसरा खालून पाठीमागे नेऊन बोटं अडकवायची असतात. माझ्या दोन हातांत वीतभर अंतर राहतं. पट्ट्याची दोन टोकं धरली की तेच आसन श्वास न कोंडता करता येतं. दिवसभर आत वळलेला खांदा बाहेर फिरतो आणि छातीला जागा मिळते.

मुंग्यांचं बोलणं निघालं तेव्हा फिजिओथेरपिस्ट असलेल्या माझ्या भाचीने 1998 साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक अभ्यास वाचून दाखवला. मनगटात नस दाबली जाते त्या कार्पल टनेलच्या त्रासाची 42 माणसं त्यात होती. काहींना आठवड्यातून दोनदा, असं आठ आठवडे आसनं शिकवली. बाकीच्यांना चालू उपचारांच्या जोडीला मनगटाला आधार देणारी पट्टी देऊ केली. आसनं करणाऱ्यांची पकड सुधारली, दुखणंही कमी झालं. नसेच्या तपासणीत मात्र दोन गटांत म्हणावा असा फरक दिसला नाही. माझाही अनुभव असाच आहे. मुंग्या साफ गेल्या असं मी म्हणणार नाही, पण रात्री हात झटकत उठायचं थांबलं. माझ्या कामात ही फार मोठी गोष्ट आहे.

वीट लाकडीच घ्या. फोमची हलकी असते, पण त्रिकोणासनात बाजूला वाकून तिच्यावर टेकलेल्या हातावर भार आला की दबते आणि तोल जातो.

आता खुर्ची. घडीची लोखंडी, पाठीचा पत्रा काढलेली, म्हणजे चौकटीतून पाय पलीकडे घालून बसता येतं. ही पद्धत ज्यांची, ते योगगुरू बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात शिकवायला आले, 1975 साली शिवाजीनगरला त्यांची संस्था उभी राहिली. आजारी, वयस्क, आखडलेल्या माणसालाही आसनात नीट आणि जास्त वेळ राहता यावं म्हणून त्यांनी खुर्ची, दोर, लोड असं सगळं कामाला लावलं. त्याचं मोल माझ्या सासूबाईंकडे बघून कळतं. त्यांना खाली बसता येत नाही. पण खुर्चीत आडव्या बसून, चौकट धरून त्या भारद्वाजासनात कंबर सुरेख वळवतात. मी काम आटोपलं की आधी उभ्याने पुढे वाकून, खुर्चीच्या बैठकीवर तळवे टेकून अर्धं उत्तानासन करते, मग जमिनीवर पाठ टेकून पोटऱ्या खुर्चीवर ठेवते. कंबर अक्षरशः जमिनीला लागते. जुनाट कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी करून बघायचे उपाय म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2017 साली जी शिफारस केली, तिच्यात योगही आहे. खुर्ची घेताना पायांना रबरी बूट आहेत का आणि कापलेल्या पत्र्याची धार घासली आहे का, हे बोट फिरवून बघा.

ही साधनं मी कपाटात ठेवत नाही. खुर्ची उघडी, पट्टा तिच्यावरच. दुपारची भांडी झाली आणि संध्याकाळची कणीक भिजवायची आहे, एवढ्या वेळात साधन शोधत बसलं तर सराव होतच नाही. अंग दमलेलं असतं तेव्हा लोड आणि खुर्ची आपल्याला धरतात, म्हणून त्या दिवशीही खाडा पडत नाही. आणि गुण येतो तो रोजच्या करण्यानेच.

वजन माझं उतरलेलं नाही. थायरॉइडची गोळी चालू आहे आणि डॉक्टर सांगतील तोवर चालूच राहील. झोप मात्र गाढ लागते. रक्तदाब जास्त असेल किंवा काचबिंदू असेल तर शीर्षासनासारखी उलटी आसनं स्वतःच्या मनाने करू नका. आमच्या बाई पहिल्या दिवशीच प्रत्येकीला हे विचारून घेतात, आणि जो वर्ग विचारत नाही तिथे मी कोणाला पाठवणार नाही.

लोडाबद्दल शेवटी लिहिते, कारण तो घेताना फसायला होतं. ऑनलाइन मागवलेल्या माझ्या पहिल्या लोडात फायबर होतं. काही महिन्यांत मधोमध खड्डा पडला. सुप्त बद्धकोणासनात, म्हणजे तळवे जुळवून लोडावर उताणं पडतो तेव्हा, कण्याला खालून आधार हवा, तिथेच पाठ खचायला लागली. मग गादीवाल्याकडून पिंजलेल्या कापसाचा भरून घेतला. त्याला सांगा, हाताने दाबला तर दबता कामा नये इतका ठासून भर, आणि लांबी अशी ठेव की कमरेपासून डोक्यापर्यंत पाठ त्यावर मावेल. खोळ चेनची शिवून घ्या, धुता येते. पावसाळ्यात कापूस ओल धरतो, तेव्हा ऊन पडलं की लोड गच्चीवर टाका.