टीव्हीचं चित्र कशानं जुळवायचं: मोडनं, डोळ्यानं की मीटरनं?

टीव्ही नवा असो की चार वर्षं जुना, त्याचं चित्र ताळ्यावर आणायचे मार्ग तीनच. नुसता पिक्चर मोड (मेनूतली चित्राची तयार मांडणी) बदलायचा, टेस्ट पॅटर्न (तपासणीसाठी बनवलेली ठरावीक चित्रं) लावून डोळ्यानं जुळवायचं, नाहीतर पडद्याला रंग मोजणारा मीटर लावून मोजायचं. मी तिन्ही करून पाहिलेत. काय निवडायचं ते एकाच गोष्टीवर ठरतं: आपल्या डोळ्याला काय कळतं आणि काय कळत नाही.

मोड बदलायला दोन मिनिटं लागतात आणि माझ्या लेखी निम्म्याहून जास्त काम तिथेच होतं. व्हिविड किंवा स्टँडर्ड सोडा, सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. हा फिल्ममेकर मोड २०१९ साली जाहीर झाला. तो लावला की सेकंदाला २४ फ्रेमच्या सिनेमाला मालिकेची कळा आणणारी ती गुळगुळीत हालचाल थांबते, उगाच वाढवलेला शार्पनेस उतरतो आणि पांढरा रंग ६५०० केल्विनच्या जवळ येतो (केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका पांढरा निळसर). सिनेमाचे रंग ठरवणाऱ्यांचे मॉनिटरही याच पांढऱ्यावर लावलेले असतात. पहिल्या संध्याकाळी घरचे विचारणार, ‘टीव्हीला कावीळ झालीय का?’ आमच्याकडे विचारलंच. आठवडाभर कळ काढा आणि मग स्टँडर्डवर जाऊन बघा, बर्फ निळा दिसेल.

या मोडची एकच अडचण. तो अंधाऱ्या खोलीसाठी बेतलेला असतो, त्यामुळे दिवसा चित्र मंद वाटतं. तेव्हा बॅकलाइट (पडद्याचा एकूण उजेड) वाढवा, कॉन्ट्रास्टला हात लावू नका.

डोळ्याचा मार्ग इथून पुढे सुरू होतो. ‘एव्हीएस एचडी ७०९’ हा पॅटर्नचा संच फुकट मिळतो. त्यातल्या काळ्याच्या पॅटर्नमध्ये उभ्या पट्ट्या लुकलुकत असतात. व्हिडिओत उजेडाची पट्टी ० ते २५५ असते, त्यात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. ब्राइटनेस असा ठेवायचा की १६ आणि त्याखालच्या पट्ट्या काळ्यात बुडाल्या पाहिजेत आणि १७-१८च्या पट्ट्या अंधारात डोळे ताणले की जेमतेम दिसल्या पाहिजेत. (बऱ्याच टीव्हींवर ब्राइटनेस म्हणजे काळ्याची पातळी. काहींवर मात्र त्याच नावाखाली बॅकलाइट असतो आणि काळ्याचं बटण वेगळं, तेव्हा आधी खात्री करा.) शार्पनेसला पॅटर्नचीही गरज नाही. सबटायटलच्या अक्षरांना पांढुरकी कड दिसते का, ते जवळ जाऊन बघा आणि ती जाईपर्यंत आकडा खाली आणा.

इथपर्यंत डोळा उत्तम काम करतो. पांढऱ्या रंगाचा तोल मात्र डोळ्याला जमत नाही. समोर निळसर पांढरा असो की पिवळसर, थोड्या वेळात डोळा त्यालाच पांढरा मानून मोकळा होतो. म्हणून मग लोक दुसऱ्याचे आकडे उतरवून घेतात. मीही एकदा माझ्याच मॉडेलचे कुणाचे तरी वीस बिंदूंचे (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या वीस पायऱ्यांचे) आकडे अर्धा तास बसून भरले, आणि बातम्या देणारी बाई हिरवट दिसायला लागली. एकाच मॉडेलचे दोन पॅनलही सारखे नसतात, दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर आपल्याला चालत नाही तसंच. टीव्हीला जोडायचा ॲपल टीव्हीचा डबा असेल तर २०२१पासून आयफोन पडद्यासमोर धरून रंगाचा तोल जुळवता येतो. पण दुरुस्ती होते ती त्या डब्यातून येणाऱ्या चित्राची, टीव्ही आहे तसाच राहतो.

तोल खरंच साधायचा तर मीटर हवा. टीव्ही अर्धा तास तापू द्यायचा, कलरीमीटर पडद्याला टेकवायचा आणि एचसीएफआरसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटा मोजत लाल, हिरवा, निळा कमीजास्त करायचा. चूक डेल्टा ई या मापात दिसते. ती ३च्या खाली आली की सिनेमा बघताना फरक ओळखू येणं कठीण. पहिल्या खेपेला माझी अख्खी संध्याकाळ गेली, तीही साध्या एसडीआर चित्रासाठी. एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन या जास्त उजळ-गडद चित्राच्या प्रकारांचे मोड वेगळे, त्यांची मेहनतही वेगळी. जाणकाराला बोलावणार असाल तर आधीचं आणि नंतरचं मोजमाप लेखी मागून घ्या.

ओएलईडी किंवा प्रोजेक्टर असेल आणि दिवे घालवून बघत असाल, तर मीटरचा खर्च मी करीन. काळा रंगच राखाडी दिसणाऱ्या साध्या एलसीडीवर तो करणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. पडद्याच्या कडेनं झिरपणारा उजेड मीटरला मोजता येतो, थांबवता येत नाही. तिथे मोड आणि एक तासाचे पॅटर्न पुरेत. खेळ आणि बातम्याच चालत असतील तर पॅटर्नचीही खटपट नको, मोड बदला आणि शार्पनेस उतरवा.

आणि काहीही केलंत तरी मेनूच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. माझे सगळे आकडे एका रात्रीच्या सॉफ्टवेअर अपडेटनं पुसले, आणि सकाळी टीव्ही पुन्हा व्हिविडवर.