वीस हजार एमएएचची पॉवर बँक : एक अख्खा पावसाळा वापरल्यावर

दुकानात पॉवर बँक मागितली की पहिला प्रश्न येतो, "किती एमएएचची देऊ?" एमएएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप : दहा हजार, वीस हजार, तीस हजार. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात राहणाऱ्यानं उलट विचारावं : ही स्वतः भरायला किती तास घेते?

आमचं गाव जांबोटीच्या अलीकडे. नोकरी बेळगावच्या उद्यमबागला, मशीन शॉपमध्ये. जूनमध्ये पाऊस लागला की कुठंतरी झाड तारेवर पडतं आणि करंट जातो. कधी तासाभरात येतो, कधी दुसऱ्या दिवशी. येतो तोही दोन-तीन तासांपुरता, तेवढ्यात पाणी चढवायचं, मिक्सर फिरवायचा, सगळ्यांचे फोन लावायचे. त्यात ही वीट भरायची कधी?

हिशेब सोपा आहे. आतल्या सेलचा व्होल्टेज ३.७, आणि २०,००० एमएएच म्हणजे २० अँपिअर-तास, गुणले की झाले ७४ वॅट-तास. घरातला जुना १० वॅटचा चार्जर लावला तर गळती धरून नऊएक तास लागतात. तेवढा सलग करंट आम्हाला फक्त उन्हाळ्यात मिळतो. १८ वॅटचा चार्जर आणि तो झेपणारी केबल लावली की तेच काम पाच तासांवर येतं, दोन तासांत जवळजवळ चाळीस टक्के पदरात पडतात. खोक्यावर ठळक अक्षरात '२२.५ वॅट' असतं ते बाहेर द्यायचं. आत घ्यायचा आकडा मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात, 'इनपुट' शब्दापुढं असतो. तिथं ५ व्होल्ट २ अँपिअर एवढंच असेल तर आमच्या भागात ती घेऊ नका. ९ व्होल्ट २ अँपिअर असेल तर घ्या, आणि जोडीचा चार्जर घरात नसेल तर त्याचेही पैसे धरा. माझ्या खोक्यात चार्जर नव्हता, वीतभर केबल तेवढी होती.

आता त्या वीस हजाराची गोष्ट. घरात ५,००० एमएएचचा फोन आहे, म्हणजे चार वेळा भरणार असं कुणालाही वाटेल. भरतो अडीच वेळा. कंपनी खोटं बोलत नाही, कारण वीस हजार हा आकडा सेलच्या ३.७ व्होल्टला धरून लिहिलेला असतो. फोनला द्यायला ते ५ व्होल्टवर चढवावं लागतं, तिथंच आकडा १४,८०० वर येतो, आणि चढवताना थोडं उष्णतेत जातं. माझ्या पॉवर बँकेवर 'रेटेड कपॅसिटी' म्हणून, म्हणजे खरोखर बाहेर मिळणारं, १२,००० छापलंय. दोन ब्रँड शेजारी ठेवून निवडायचे असतील तर हाच आकडा बघा, वरचा मोठा नको.

शेजारच्या काकूंचा बटणांचा फोन मात्र भरेना. "लावलो की दोन मिनटात बंद पडायलंय बघ. खराब माल दिलाय तुला." माल खराब नव्हता. त्या फोनची बॅटरी एवढीशी, तो इतका कमी करंट ओढतो की पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती झोपते. बऱ्याच पॉवर बँकांत बटण दोनदा पटपट दाबलं की कमी करंटचा मोड सुरू होतो, माझ्यात एक हिरवा ठिपका लागतो. कानातले ब्लूटूथही असेच भरायचे. काकू आता स्वतःच दोनदा दाबतात, वर मलाच शिकवतात.

एक गोष्ट मात्र कुठलीच पॉवर बँक सोडवत नाही. करंट बराच वेळ गेला की मोबाईल टॉवरची बॅटरीही बसते. मग हातात शंभर टक्के भरलेला फोन आणि वर एकही दांडी नाही. त्यातही फोन गप्प बसत नाही, जोर लावून रेंज शोधत राहतो आणि बॅटरी खातो. कणकुंबीकडं, चोर्ल्याच्या वाटेवर तर तो कर्नाटक सोडून गोव्याचा टॉवर धरायला धडपडतो. अशा वेळी सरळ एअरप्लेन मोडवर टाका. रेंजच नाही तर फोन चालू ठेवून फायदा काय?

सुरक्षेबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण घराघरात बघतोय. थंडी-पावसात फोन नि पॉवर बँक जोडून उशाखाली, वाकळेखाली घेऊन झोपायची सवय लागलीय. चार्ज होताना दोन्ही तापतात. कापसाच्या वाकळेतून ती ऊब बाहेर जात नाही, आणि लिथियम बॅटरीचं सगळ्यात मोठं वैर उष्णतेशीच. आमच्याकडं आता ती शहाबादी फरशीवर असते, अंथरुणापासून लांब. दुसरं म्हणजे ओल. गाडीवरून भिजत आलं की फोन 'पोर्टमध्ये ओलावा' असा इशारा देतो. तो आला की वायर लावायची नाही, तांदळाच्या डब्यातही पुरायचा नाही. पोर्ट खाली करून हलकं झटकायचं आणि वाऱ्याला ठेवायचं.

विजा कडाडायला लागल्या की आजी अजून फोन बंद करायला लावते. नुसता हातातला मोबाईल वीज ओढून घेत नाही. भिंतीच्या प्लगला लावलेला फोन घेऊन बोलत बसणं मात्र धोक्याचं, आणि करंट परत येताना जो झटका येतो त्यानं चार्जरही जातात. प्लग काढून पॉवर बँकेवर फोन लावला की आजीचंही समाधान होतं.

गल्लीतल्या एकानं बाजारातून निम्म्या किमतीत घेतलेली पॉवर बँक श्रावणात फुगली, मधली फट उघडून आत चंदेरी पिशवी दिसत होती. तो टाचणी मारून 'हवा' काढायला निघाला होता! फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, चार्जला तर लावायचीच नाही. घंटागाडीत टाकली तर पुढं कचऱ्यात पेट घेऊ शकते, ई-कचरा घेणाऱ्याकडंच द्यावी लागते. दुकानदारानं वॉरंटीला हात वर केले, कारण पावतीच नव्हती. त्या पॉवर बँकेवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूणही नव्हती. पॉवर बँकेला ही नोंदणी आपल्या देशात सक्तीची आहे. आर-नं सुरू होणारा आठ आकडी नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. दुकानात उभ्या उभ्या होतं.

मेहुणा बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानानं गेला तेव्हा हीच घेऊन गेला. ७४ वॅट-तास म्हणजे १०० च्या आत, त्यामुळे वेगळी परवानगी लागत नाही. पण ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, चेक-इनच्या बॅगेत नाही.

तक्रारी दोन. किती उरलंय ते चार ठिपक्यांवर कळतं, आणि शेवटचा ठिपका अगदी अचानक विझतो. टक्के दाखवणारी शे-दोनशे रुपये जास्त देऊन घ्यायला हवी होती असं घरात सगळ्यांचं म्हणणं. आणि वजन. चारशे ग्रॅमच्या आसपास आहे, रेनकोटच्या खिशात घातली की रेनकोट एका बाजूला लोंबतो.

दिवाळीनंतर करंट जाणं कमी होतं, तेव्हा ती कपाटात जाईल. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवणार नाही, दोन ठिपके ठेवून, आणि तीनेक महिन्यांनी परत थोडी भरून.