जुन्या मिआटात गॅस भरताना नोझल सारखं बंद पडायचं, या गराजने मूळ कारण शोधून दिलं

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे लिहिलंय.

गाडी २००३ ची माझदा मिआटा, उघडायच्या टपाची दोन सीटांची छोटी गाडी, १.८ लिटर, मॅन्युअल, इंजिन अजून ठणठणीत. त्रास एकच, गॅस (इथे पेट्रोलला गॅसच म्हणतात) भरता यायचा नाही. नोझल आत घातलं की दोन-तीन सेकंदांत खट्ट, परत दाबलं की परत खट्ट, आणि टाकी तर जवळजवळ रिकामी. आपल्या न्यू जर्सीत स्वतः गॅस भरता येत नाही, १९४९ पासूनचा कायदा आहे, आणि २०२३ मध्ये ऑरेगॉनने मोकळीक दिल्यावर असं बंधन असलेलं हे एकच राज्य उरलंय, त्यामुळे हा सगळा ताप पंपावरच्या पोराला. बिचारा नोझल उलटं फिरवून, अर्धं बाहेर ओढून, अगदी बारीक धार सोडत भरायचा आणि मागे गाड्यांची रांग. नंतर नंतर गॅस भरून झाल्यावर गाडी लगेच स्टार्टही होईना, बराच वेळ सेल्फ मारावा लागायचा, स्टार्ट झाली तरी थरथरायची, आणि टप खाली करून चालवताना मागून पेट्रोलचा वास. मग चेक इंजिन लाइट लागला, कोड पी०४४६, म्हणजे टाकीतली वाफ सांभाळणाऱ्या सिस्टिमच्या व्हेंटमध्ये बिघाड.

इन्स्पेक्शनची तारीख जवळ आलेली. १९९६ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांचं इथलं एमिशन्स इन्स्पेक्शन ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला) वायर लावूनच होतं, म्हणजे लाइट चालू असला की फेल. आधी दुसरीकडे दाखवली होती. तिथे गॅस कॅप बदलली, कोड पुसून दिला, आणि परत लाइट आल्यावर सांगितलं की टाकीच बदलावी लागेल. मिआटाची टाकी सीटांच्या मागे, अगदी आत बसवलेली असते, ती उतरवायची म्हणजे मजुरीच किती जाईल विचार करा. टाकी बदलायची तर का बदलायची, हे मात्र कोणी सांगेना.

मग ऑफिसमधल्या एका मित्राने या गराजचं नाव सुचवलं. मालक साठीच्या पुढचा आहे, स्वतः गाडीखाली जातो, हाताखाली एकच मुलगा. मी सगळं सांगितलं तर त्याने पहिला प्रश्न विचारला की नोझल भरलेल्या टाकीला बंद पडतं का रिकाम्या टाकीलाही. रिकाम्यालाही म्हटल्यावर म्हणाला, मग हे लीक नाही, हे चोक आहे, कुठेतरी वाट तुंबलीय, आणि दोन्ही एकदम उलट गोष्टी आहेत. मला विचाराल तर या माणसाला पैसे दिले ते या एका वाक्यासाठी. कारण जो तो इवॅपचा, म्हणजे या वाफेच्या सिस्टिमचा, कोड दिसला की लीक शोधत बसतो, कॅप बदलतो, पाइप बदलतो. लीक असेल तर वाफ बाहेर जाते आणि लाइट लागतो, पण गॅस भरायला काही अडचण येत नाही. आमच्याकडे वाफेला बाहेर जायला वाटच नव्हती.

हे होतं कसं ते त्याने फार छान समजावलं. नोझलच्या टोकाला एक छोटं भोक असतं, त्यातून सतत हवा खेचली जाते. टाकी भरून पेट्रोल त्या भोकापर्यंत आलं की हवा खेचणं थांबतं, आतला पडदा ओढला जातो आणि नोझल खट्ट बंद होतं. आता एक लिटर पेट्रोल आत गेलं तर टाकीतली एक लिटर वाफ बाहेर पडायला हवी ना. जुन्या काळच्या गाड्यांत ती फिलर नेकमधूनच, म्हणजे पेट्रोल ओतायच्या नळीतूनच, वर यायची, पण अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने आणि २००० पासून सगळ्याच नव्या पॅसेंजर कार्सना ती वाफ गाडीतच पकडायची सक्ती झाली. म्हणून ती एका जाड होजमधून कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये जाते, कोळसा पेट्रोलची वाफ धरून ठेवतो आणि स्वच्छ हवा व्हेंटमधून बाहेर सोडतो. पंप इथे मिनिटाला १० गॅलनपर्यंत सोडू शकतो, तेवढी वाफ त्या वाटेने गेली नाही की नेकमध्ये पेट्रोल तुंबतं, भोक झाकलं जातं, खट्ट. टाकी रिकामी असली तरी नोझलला वाटतं भरली.

मग तपासणी. त्याने पार्ट बदलायची भाषाच केली नाही, वाटेचे तुकडे पाडले. आधी टॉर्च लावून फिलर नेक आणि आतली झडप बघितली, ठीक होती. मग गाडी बाहेर मोकळ्यावर आणली, इंजिन पूर्ण गार, फायर एक्स्टिंग्विशर शेजारी ठेवलेला, आणि टाकीकडून कॅनिस्टरला जाणारी होज कॅनिस्टरच्या तोंडाशी सोडवली. कॅनमधून पेट्रोल ओतलं तर गटागट आत. होज परत जोडली, परत ओतलं, तर नेकमधून बुडबुडे येऊन वर तुंबलं. झालं, टाकी निर्दोष! ज्या टाकीसाठी मला खर्चात घालायला निघाले होते तिला काहीच झालं नव्हतं. पुढे त्याने कॅनिस्टरची बाहेरच्या हवेची बाजू, म्हणजे फिल्टर आणि व्हेंट सोलेनॉइड (व्हेंट उघडबंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह), सोडवून बघितली. सोलेनॉइड करंट दिल्यावर टिक करून बंद होत होता आणि काढल्यावर उघडत होता. तरीही कॅनिस्टरमधून हवा जेमतेम जात होती.

कॅनिस्टर काढून त्याने माझ्या हातात दिला. हलवला तर खुळखुळ्यासारखा वाजत होता. आतल्या जाळ्या सुटून कोळशाचे दाणे मोकळे झालेले, आणि होजचं तोंड हातावर उपडं केलं तर काळी भुकटी आणि मोहरीएवढे काळे दाणे पडले, बोटांना पेट्रोलचा वास कितीतरी वेळ राहिला. तेच दाणे पुढे पर्ज व्हॉल्व्हपर्यंत गेलेले. हा व्हॉल्व्ह कॅनिस्टरमधली वाफ इंजिनात सोडतो, एरवी बंद असायला हवा, पण दाणा अडकून अर्धवट उघडा राहिलेला, म्हणून गॅस भरल्यावर इंजिनात नको इतकी वाफ शिरून गाडी स्टार्ट व्हायला कुरकुर करायची. दोन वेगळे आजार वाटत होते ते एकाच जागेवरून आलेले.

कारण बहुतेक टॉप-ऑफ, असं तो म्हणाला. इथे पंपावर पहिल्या खट्टनंतरही डॉलरचा आकडा पूर्ण करायला अजून थोडं थोडं ढकलतात, ते जास्तीचं पेट्रोल वाफेच्या होजमध्ये चढतं आणि कॅनिस्टरमध्ये उतरतं. कोळसा वाफेसाठी असतो, ओल्या पेट्रोलसाठी नाही. माझ्याकडे यायच्या आधी गाडीचे मालक बरेच होऊन गेलेत, कोणी किती ढकललं देव जाणे.

व्हेंट होजमध्ये कोळ्याचं जाळं आहे का हेही त्याने बघितलं. मला आश्चर्य वाटलं, पण खरंच २०११ मध्ये माझदाने माझदा ६ च्या हजारो गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या, एक पिवळा कोळी व्हेंट लाइनमध्ये जाळं विणायचा, हवा आत येईना, टाकीत व्हॅक्यूम होऊन टाकीला तडा जायची भीती. आमच्यात कोळी निघाला नाही, पण माणूस किती बारकाईने बघतो ते कळलं.

नवा कॅनिस्टर, नवा पर्ज व्हॉल्व्ह, आणि मधल्या लाइन्स दोन्ही टोकं सोडवून उलट दिशेने हवा मारून साफ. टाकी जोडलेली असताना कॉम्प्रेसरची हवा कधीच मारायची नाही हे त्याने दोनदा बजावलं, ही सिस्टिम साधारण अर्ध्या पीएसआयवर तपासतात, जास्त प्रेशरने टाकी फुगते, सील जातात. शेवटी स्मोक टेस्ट, जोडणीत कुठे लीक राहिलंय का बघायला. व्हेंट बंद ठेवून धूर सोडला तर कुठूनच निघाला नाही, व्हेंट उघडल्यावर जिथून निघायला हवा तिथूनच निघाला, हे मी डोळ्यांनी बघितलं.

कोड पुसल्यावर लगेच इन्स्पेक्शनला पळू नका असंही त्यानेच सांगितलं. कोड पुसला की गाडीचे सगळे मॉनिटर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर स्वतः करतो त्या तपासण्या, शून्यावर येतात, आणि इवॅपचा सगळ्यात शेवटी तयार होतो, त्याला रात्रभर गार झालेलं इंजिन आणि मधल्या पातळीवरची टाकी लागते, फुल टाकीवर तो चालतच नाही. काही दिवस ऑफिसला तीच गाडी नेली, मॉनिटर तयार झाला, इन्स्पेक्शनचं स्टिकर मिळालं. आता पंपावर एका दमात भरते. पहिल्या खट्टला थांब असं मी पोराला आधीच सांगतो.

आता अर्धा स्टार कशाला कापला. फोन उचलत नाहीत. मेसेजला उत्तर नाही. पार्ट यायला वेळ लागला तर स्वतःहून कळवत नाहीत, आपणच जाऊन विचारायचं. बदली गाडी मिळत नाही. वेटिंग रूम म्हणजे दोन खुर्च्या. बिल स्वस्त नाही, ओरिजिनल कॅनिस्टरने खिशाला चांगलाच चटका लावला, जंकयार्डचा वापरलेला लावा म्हटलं तर साफ नकार दिला, म्हणाला त्यातला कोळसाही वीस वर्षांचाच असणार. मला ते पटलं. तपासणीचे पैसे वेगळे घेतात आणि काम करा न करा ते द्यावे लागतात, यावर काही लोक नाराज होतात, मी नाही. काढलेले सगळे पार्ट खोक्यात घालून परत दिले आणि बिलावर कुठे काय सापडलं ते ओळीओळीने लिहिलं होतं.

मिआटा, पोर्शचा जुना बॉक्सटर, बीएमडब्ल्यूची झेड ३ असलं काही असेल आणि असाच त्रास असेल तर जरूर न्या. फोन करण्यापेक्षा सकाळी उघडताना प्रत्यक्ष जाऊन वेळ घ्या, आणि टाकी पाव ते अर्धी ठेवून न्या, फुल भरून नेलीत तर तो तपासणी करत नाही, परत पाठवतो.