बारा आठवड्यांचा मिशन कोर्स पूर्ण केला, जसा वाटला तसा लिहितेय

बरेच दिवस लिहायचं होतं, राहून जात होतं. सुवार्ता (येशूची शुभवार्ता) सांगायची जबाबदारी आणि मिशन या विषयावरचा १२ आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स मी नुकताच संपवला. आठवड्यातून एकदा दोन तासांचा लाइव्ह क्लास, मधल्या दिवसांत रेकॉर्डेड व्हिडिओ, वाचायला पीडीएफ, चौघा-चौघांचे छोटे ग्रुप आणि सोबत एक अ‍ॅप. कोर्सचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि शिकवणारी माणसं खरंच मनापासून राबतात, त्यांना उगाच त्रास नको. पण असे कोर्स साधारण याच साच्यातले असतात, त्यामुळे कुठलाही जॉइन करायच्या विचारात असाल तर वाचा.

मी का गेले ते आधी सांगते. मी मंडळीतच (चर्चमधेच) वाढले, महान आज्ञा, म्हणजे सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा ही येशूची आज्ञा, संडे स्कूलपासून तोंडपाठ, पण मनात कुठेतरी पक्कं बसलं होतं की हे काम पाचारण झालेल्या, म्हणजे देवाने खास बोलावलेल्या लोकांचं, मिशनऱ्यांचं, पाळकांचं, आपण अर्पण द्यायचं, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची आणि आपलं नीट जगायचं. शेजारची माणसं, ऑफिसातली माणसं, वर्षानुवर्षं रोज भेटतात, माझा विश्वास कशावर आहे हे त्यातल्या एकालाही मी कधी सांगितलं नव्हतं. हे टोचत होतं म्हणून नाव घातलं.

पहिले तीन आठवडे बायबलवर होते आणि नुसते तेवढ्यासाठी जरी कोर्स केला तरी वेळ सार्थकी लागेल. ही आज्ञा जिथे आहे ते मत्तय २८:१९ मी शेकडो वेळा वाचलंय आणि माझ्या डोक्यात कायम जोर 'जा' या शब्दावर असायचा, म्हणजे बॅग भरा आणि कुठेतरी लांब जा. शिकवणाऱ्या भाऊंनी मूळ ग्रीक वाक्य स्क्रीनवर लावून दाखवलं की त्यातलं मुख्य क्रियापद 'शिष्य करा' हे आहे, 'जाऊन', 'बाप्तिस्मा देऊन', 'शिकवून' हे सगळं त्याच्याभोवती येतं. जाणं आहेच, ते सुटत नाही, पण आज्ञेचा गाभा शिष्य करणं आहे, आणि शिष्य काही एका दुपारी तयार होत नाही. आपल्या मराठी बायबलमधे पण 'तुम्ही जाऊन' असंच आहे की, इतकी वर्षं डोळ्यासमोर होतं आणि दिसलं नव्हतं.

दुसरी गोष्ट बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातली. ८ व्या अध्यायात छळ सुरू होतो, सगळे पांगतात, आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की प्रेषित (येशूने निवडलेले पहिले पुढारी) सोडून बाकीचे पांगले, आणि हे बाकीचे जिथे गेले तिथे वचन सांगत गेले. म्हणजे साधी माणसं, घरदार सोडून पळालेली. पुढे ११ व्या अध्यायात अंत्युखियात ग्रीक लोकांना पहिल्यांदा सुवार्ता सांगणारे कोण, तर कुप्र आणि कुरेनेचे काही जण, नावं सुद्धा दिलेली नाहीत! ज्या मंडळीने पुढे पौल आणि बर्णबाला पाठवलं ती मंडळी या बिननावाच्या लोकांनी सुरू केली. हे ऐकल्यावर माझी 'हे काम पाचारण झालेल्यांचं' वाली सबब संपली, त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

इतिहासाचा भाग चार आठवड्यांचा आहे. विल्यम केरी, इंग्लंडमधला बूट शिवणारा माणूस, १७९२ मधे पुस्तिका लिहितो की ही आज्ञा फक्त पहिल्या प्रेषितांना नव्हती, आजच्या मंडळीलाही आहे, आणि १७९३ मधे स्वतः भारतात यायला निघतो. पहिला माणूस, कृष्ण पाल, बाप्तिस्मा घेतो तो डिसेंबर १८०० मधे. सात वर्षं! आणि त्याची गोष्ट पण भाषणाने सुरू होत नाही, तो सुतार होता, त्याचा हात निखळला होता आणि केरीबरोबरच्या डॉक्टर थॉमसने तो बसवून दिला, तिथून बोलणं सुरू झालं.

अमेरिकन मिशनरी अ‍ॅडोनायरम जडसनवरचा व्हिडिओ सगळ्यात भारी. १८१३ ला ब्रह्मदेशात पोचले, पहिला विश्वासणारा १८१९ मधे. १८२४ मधे ब्रह्मदेशाचं इंग्रजांशी युद्ध सुरू झालं आणि जडसनना तुरुंगात टाकलं, तेव्हा नव्या कराराच्या भाषांतराचं हस्तलिखित त्यांच्या बायकोने, अ‍ॅनने, एका उशीत शिवलं, मुद्दाम इतकी कडक आणि गैरसोयीची उशी केली की कुणाला ती घ्यावीशी वाटू नये, आणि तुरुंगात नेऊन दिली. पुढे कैद्यांना दुसरीकडे हलवताना ती उशी फेकून दिली गेली, त्यांच्या एका ब्रह्मी शिष्याला ती सापडली, आत काय आहे हे त्याला माहीतच नव्हतं, त्याने फक्त गुरूची आठवण म्हणून ती ठेवली आणि कागद काही महिन्यांनी आतून सुखरूप निघाले. अख्खं बायबल १८३४ ला पूर्ण झालं. हा व्हिडिओ मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा त्या शिष्यापाशी थांबले. त्याचं जडसनवर प्रेम होतं म्हणून उशी राहिली.

आता इतिहासातली एक चूक, जी मी त्यांना मेल करून पण कळवली. युरोपातल्या मोरेव्हियन मंडळीने १७३२ मधे डोबर आणि निच्मन या दोघांना कॅरिबियनमधल्या सेंट थॉमस बेटावर गुलामांमधे काम करायला पाठवलं, हे बरोबर. पण व्हिडिओत सांगतात की त्यांनी स्वतःला गुलाम म्हणून विकलं, ते तसं झालं नाही. गरज पडली तर गुलाम व्हायची त्यांची तयारी होती, प्रत्यक्षात निच्मन सुतारकाम करून दोघांचं पोट भरत होता. मला वाटतं खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे, तिला तिखटमीठ लावायची काय गरज, सत्य सांगायला निघालेल्या माणसांनी तरी तपासून बोलावं. त्यांनी अजून बदललेलं नाही.

आणि दुसरी तक्रार याहून मोठी. १९१० च्या एडिंबरा इथल्या जागतिक मिशनरी परिषदेवर अर्धा तास आहे, पण तिथे बोललेल्या व्ही. एस. अझारियांना जेमतेम दोन मिनिटं. हा भारतातला माणूस, १९१२ मधे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झालेले, बहुतेक सगळे पाश्चात्त्य बसलेल्या त्या सभागृहात उभे राहून म्हणाले की तुम्ही गरिबांना खायला दिलंत, तुमची शरीरं पण दिलीत, आम्हाला प्रेम पण हवंय, आम्हाला मित्र द्या. मिशनबद्दल इतकं थेट कुणी बोललेलं मी दुसरं काही वाचलेलं नाही. यावर एक पूर्ण क्लास हवा होता कारण पुढे जे चुकतं ते नेमकं इथेच चुकतं.

आठव्या आठवड्यापासून प्रॅक्टिकल. चार मुद्द्यांचा एक आराखडा शिकवतात, देव, पाप, ख्रिस्त, प्रतिसाद, आणि मग जोड्या पाडून सराव. माझ्या जोडीला ग्रुपमधली एक बहीण होती, तिने कधीच न ऐकलेल्या माणसाची भूमिका करायची आणि मी सांगायचं. मी जवळजवळ दहा मिनिटं बोलले. चारही मुद्दे आले, वचनं आली, एकही अडखळ नाही, मला वाटलं छान झालं. मेंटर ताई सगळं शांतपणे ऐकत होत्या, संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तिने सुरुवातीला तुला काय सांगितलं गं?" मला आठवेना. खरंच आठवेना. ती म्हणाली होती की वडील दहा दिवस हॉस्पिटलमधे आहेत त्यामुळे सध्या डोकं ठिकाणावर नाही, आणि मी "हो का" म्हणून थेट पहिल्या मुद्द्यावर गेले होते. ते वाक्य भूमिकेतलं नव्हतं, तिचे वडील खरंच अ‍ॅडमिट होते.

मला तिथेच रडू आलं. ताई रागावल्या नाहीत, त्यांनी योहान ४ काढायला सांगितला, विहिरीपाशी प्रभू एका शोमरोनी बाईकडे आधी पाणी मागतो, मग बोलणं होतं, ती प्रश्न विचारते, वाद घालते, तो ऐकतो. मग कृत्ये ८ मधला फिलिप, रथात बसून वाचणाऱ्या एका माणसाशेजारी धावत जातो आणि पहिलं काय करतो, तर विचारतो की वाचताय ते कळतंय का. आणि १ पेत्र ३:१५, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने आणि आदराने. ताईंची ती वीस मिनिटं म्हणजे या कोर्समधली सगळ्यात मोलाची वीस मिनिटं आणि ती कुठल्याच सिलॅबसमधे नाहीत, दुसऱ्या मेंटरच्या ग्रुपला ती मिळाली नसणार.

कारण कोर्सचं अ‍ॅप बरोबर उलटं शिकवतं. दर रविवारी नोटिफिकेशन येतं, या आठवड्यात किती जणांना सुवार्ता सांगितली, आकडा भरा, मग ग्रुपचा ग्राफ दिसतो, कोण पुढे कोण मागे. हेतू चांगला असेल, माणूस ढेपाळू नये म्हणून, पण माझ्या ग्रुपमधले दोघं नुसता आकडा भरायला अनोळखी माणसांना मेसेज फॉरवर्ड करायला लागले. मला सारखं वाटत होतं, जडसनच्या फोनवर हे अ‍ॅप असतं तर सहा वर्षं तिथे काय दिसलं असतं? तुम्हीच पहिल्या आठवड्यात शिकवता ना की आज्ञा शिष्य करायची आहे, मग मोजता काय? आठव्या आठवड्यानंतर मी आकडा भरणं बंद केलं आणि तिथे लिहिलं की एका व्यक्तीशी मैत्री आहे, तिचं ऐकतेय, प्रार्थना चालू आहे. सिस्टिम ते घेत नाही, फक्त नंबर घेते.

एक गोष्ट मात्र त्यांनी अगदी ठामपणे शिकवली, कुठलीही लालूच नाही, दबाव नाही, कुणाच्या अडचणीचा फायदा घ्यायचा नाही, समोरचा नको म्हणाला की थांबायचं आणि मैत्री तशीच ठेवायची. १९७४ च्या लॉझान करारातला (जगभरच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांनी मिळून मान्य केलेला जाहीरनामा) सुवार्ता आणि समाजाची सेवा दोन्ही आपलं कर्तव्य असल्याचा भाग पण नीट समजावला. भाषांतर आणि संस्कृतीवरचे शेवटचे दोन क्लास ठीकठाक, घाईत उरकले, पीडीएफ वाचून भागतं. ऑडिओ क्वालिटी कधी कधी वाईट.

घ्यावा का? ज्यांना वाटतं की साक्ष देणं (आपला विश्वास दुसऱ्याला सांगणं) हे आपलं काम नाही त्यांनी नक्की घ्यावा, पहिल्या तीन आठवड्यांसाठी. जे आधीच उत्साहात आहेत त्यांनी मेंटर कोण आहे ते विचारून घ्यावा. पाचपैकी साडेतीन देते, अ‍ॅप काढून टाकलं आणि ऐकण्यावर दोन क्लास घातले तर साडेचार.

त्या बहिणीचे वडील नंतर घरी आले. कोर्स संपून दोन महिने झाले तरी आम्ही दर गुरुवारी रात्री फोनवर एकत्र प्रार्थना करतो, तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीसाठी आणि माझ्या शेजारच्या काकूंसाठी. काकूंनी मागच्या आठवड्यात स्वतःहून विचारलं की तू रोज सकाळी काय वाचतेस गं, आणि आम्ही दीड तास बोललो, त्यातला बराच वेळ त्याच बोलल्या.

आणि हो, कोर्स संपल्यावर महिन्याभरात लॉगिन बंद होतं, जडसनचा व्हिडिओ आणि ग्रीकवाल्या क्लासच्या नोट्स आधीच डाउनलोड करून ठेवा.